कौशल्य, उद्योग आणि भाषा : पेण-रोह्याच्या संदर्भात एक परीक्षण

‘कुशल’ या शब्दाचा परंपरागत विग्रह ‘कुश आणणारा’ असा केला जातो. दर्भाचे पाते धारदार असते. हात न कापता ते खुडून आणणारा तो कुशल, आणि पुढे कोणत्याही कामात निपुण असणारा तो कुशल. मम्मटाने हा शब्द रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला. विश्वनाथाला ते मान्य झाले नाही व त्याने ‘निपुण’ हाच मुख्यार्थ मानला. वाद साहित्यशास्त्रातील असला, तरी आजच्या शिक्षणविचारावर त्याचा प्रकाश पडतो. कौशल्य हे मुळात विशिष्ट हाताचे, विशिष्ट पदार्थाचे आणि विशिष्ट प्रसंगाचे असते. शासकीय परिभाषेत मात्र ते या तिन्हींपासून सुटून एक मोजता येणारी वस्तू झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे परीक्षण या दृष्टीने केले असता काय दिसते, हे रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या दोन तालुक्यांच्या आधारे पाहावयाचे आहे.

या तालुक्यांची निवड केवळ सोयीची नव्हे. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली विनोबा भावे यांचा जन्म झाला. रोह्याशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे व राखणे हे त्या आयोगाचे काम. एकाच्या विचारात शिक्षणाचा आरंभ चातीपासून होतो. दुसऱ्याच्या कार्यात शिक्षणाचा कळस असलेले विद्यापीठ आहे. या दोन टोकांमध्ये जो जिना असावयास हवा, तोच आपल्याकडे बांधला गेला नाही.

१९३७ साली वर्धा येथे नयी तालीमची योजना मांडली गेली व झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली तिचा अभ्यासक्रम सिद्ध झाला. त्या समितीत विनोबा होते. योजनेचे मर्म उद्योग हा एक विषय म्हणून शिकविण्यात नव्हते. उद्योगाच्या द्वारे इतर विषय शिकविण्यात होते. यालाच समवाय म्हटले गेले. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत पूर्वबुनियादीपासून प्रौढशिक्षणापर्यंत तिचा विस्तार कल्पिला गेला. मुलांनी केलेल्या मालावर शाळेचा खर्च भागावा, ही अपेक्षा या योजनेचा दुबळा भाग होती आणि तिच्यावर झालेली टीका रास्त होती. परंतु टीकेच्या ओघात समवायही टाकून दिला गेला. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशीतून आलेला कार्यानुभव हा वेळापत्रकातील एक स्वतंत्र तास होऊन बसला. ‘जीवन शिक्षण’ ही अक्षरे मात्र अनेक शाळांच्या पाट्यांवर राहिली.

२०२० च्या धोरणाने ही चूक ओळखली आहे, हे मान्य केले पाहिजे. सहावी ते आठवीत स्थानिक व्यवसायांची ओळख, दप्तराविना दहा दिवस, स्थानिक कारागिरांना शाळेत शिकविण्यास आणण्याची मुभा, प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला निदान ५० तासांचे सेवांतर्गत शिक्षण, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. दोष आहे तो त्यांच्या परस्परसंबंधात. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे धोरण सांगते. आठवीपर्यंत व पुढेही ते इष्ट मानते. व्यवसायाची ओळख सुरू होते ती सहावीत. म्हणजे जेथे भाषेची किमान हमी संपते, तेथे हाताच्या कामाचा आरंभ होतो. भाषा एका प्रकरणात आणि व्यवसाय दुसऱ्यात, अशी ही मांडणी आहे. कामाची भाषा हा विचार दोन्हींत नाही.

पेण व हमरापूर-जोहे परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांकडे पाहिले म्हणजे या उणिवेचा अर्थ कळतो. साचा, शाडू, काथ्या, आखणी हे शब्द तेथील मुलाला शाळेआधीच अवगत असतात. माती किती भिजवावी, मूर्ती उन्हात एकदम का वाळवू नये, आकार दुप्पट केला असता माती दुपटीहून कितीतरी अधिक का लागते, या प्रश्नांत विज्ञान व भूमिती आहे. डोळ्यांच्या आखणीत प्रमाणबद्धतेचा संपूर्ण धडा आहे. वर्गात बाष्पीभवन व घनफळ हे शब्द येतात. पण ते आणि कारखान्यातले शब्द एकाच अनुभवाची दोन नावे आहेत, हे मुलाला सांगणारा दुभाषा शिक्षकच असू शकतो. केवळ कारागीर वर्गात आणल्याने हे साधत नाही. कारण कारागिराला काम येते, त्याचे विवेचन येतेच असे नाही.

रोहे तालुक्यात प्रश्न उलट दिशेने येतो. धाटाव व नागोठणे येथील रासायनिक उद्योगांची परिभाषा बाहेरून आलेली आहे. तिला घरच्या बोलीत पूर्वज नाही. तेथे शब्द न समजणे हे गुण कमी पडण्यापुरते राहत नाही. त्यात जिवाचा धोका असतो. या दोहोंहून बिकट स्थिती कातकरी मुलाची. त्याला रानाचे, माशांचे, कंदांचे सूक्ष्म ज्ञान असते, पण त्याची बोली शाळेची नसते. आणि वीटभट्टीसाठी कुटुंब स्थलांतर करते तेव्हा शाळाच मागे राहते. अशा मुलास ‘अकुशल’ म्हणणे हा भाषेचा अपराध होय. त्याच्या कौशल्याला शाळेत नाव नाही, एवढेच खरे.

यावरून धोरणाच्या अंमलबजावणीची कसोटी ठरते. शिक्षकाच्या ५० तासांपैकी काही तास प्रत्यक्ष कारखान्यात, शेतावर वा वाडीवर जावेत. तेथील शब्द त्याने टिपावेत व त्यांवरून पाठ रचावेत. महाविद्यालयांच्या भाषा व विज्ञान विभागांनी या शब्दसंग्रहांचे संपादन करावे. असे झाल्यास प्राथमिक शाळा व विद्यापीठ यांच्यामधील जिन्याच्या काही पायऱ्या तरी बांधल्या जातील. शिक्षकाचा हात प्रथम मातीत गेल्याखेरीज विद्यार्थ्याच्या कौशल्यविकासाची भाषा पोकळच राहील.