दृष्टांत आणि दार्ष्टांतिक : ‘स्मृतिचित्रे’तील धर्मानुभव

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा (चार भाग, १९३४ ते १९३७) गौरव मराठी समीक्षेने मुख्यतः निवेदनातील सहजता, विनोद आणि निर्मळ प्रांजळपणा या गुणांसाठी केला. धर्मांतर हा या आत्मकथनाचा कथाविषय मानला गेला. त्याचा रचनेशी काही संबंध असेल, हा प्रश्न मात्र बाजूस पडला. उलटपक्षी, ख्रिस्ती वाचकाने ते श्रद्धेची साक्ष म्हणून वाचले आणि विनोदाला आनुषंगिक मानले. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते. ‘स्मृतिचित्रे’त धर्मानुभव आणि दैनंदिन व्यवहार हे दोन स्तर नाहीतच.

हे विधान तपासण्यासाठी बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’शी (१८५७) तुलना उपयुक्त ठरते. तेथे प्रवासात भेटणाऱ्या विधवांची दुःखे खरी आहेत. परंतु प्रत्येक प्रसंगाला एका पूर्वनिश्चित निष्कर्षाकडे जावे लागते. प्रसंग हा पुरावा ठरतो आणि निष्कर्ष आधीच सिद्ध असतो. मराठी गद्याला ही रीत अपरिचित नव्हती. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिपदी आहे, व्यवहारातील साधी गोष्ट सांगून झाल्यावर तिचा पारमार्थिक अर्थ दार्ष्टांतिकात उलगडला जातो. बायबलातील खमीर, मोहरीचा दाणा, हरवलेले नाणे हे दाखलेही घरातले आणि शेतातलेच आहेत. मात्र त्यांतील कित्येकांचा अर्थ येशू श्रोत्यावर सोपवतो.

लक्ष्मीबाईंचे निवेदन या दुसऱ्या जातीचे आहे. त्यांच्याकडे दृष्टांत आहे, दार्ष्टांतिक नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड त्या हसत हसत सांगतात. त्यावर कर्मकांडाच्या निरर्थकतेचे प्रवचन जोडीत नाहीत. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेला वियोग असह्य होता. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. एकाच घरात दोन धर्म नांदत असताना कळीचा प्रश्न ईश्वरविषयक सिद्धांताचा नव्हता; तो पाण्याचा आणि अन्नाचा होता. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हा उलगडा त्यांना स्वतःच्याच विचारातून होतो आणि त्याची कसोटी लगेच जेवणाखाण्यात लागते. १९०० साली झालेला बाप्तिस्मा हा या प्रक्रियेचा आरंभ नसून तिची परिणती आहे.

येथे विनोदाचे कार्य स्पष्ट होते. निवेदिका वारंवार स्वतःलाच हास्यविषय करते. आपले अज्ञान, हट्ट, भीती आणि पतीशी झालेली भांडणे ती झाकीत नाही. ख्रिस्ती आत्मकथनपरंपरेत पापाची कबुली हे मध्यवर्ती तत्त्व आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखनात त्या कबुलीची जागा हसण्याने घेतली आहे. स्वतःला क्षमा मिळाली आहे असे मानणारे मनच इतक्या निःसंकोचपणे स्वतःला हसू शकते. टिळकांचा तापट स्वभाव आणि व्यवहारशून्य औदार्य यांनी केलेली संसाराची ओढाताणही याच नजरेने पाहिली जाते. म्हणून ते चित्र संतचरित्र होत नाही आणि गाऱ्हाणेही होत नाही.

या वाचनाला मर्यादा आहेत. लेखनात ईश्वरी योजनेचा उघड उल्लेख येतोच आणि हसण्याआड काही जखमा अव्यक्त राहिल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पतीच्या निर्णयाची किंमत पत्नीने मोजली, हा स्त्रीवादी आक्षेप क्षमाशीलतेच्या सूत्राने निकालात निघत नाही. किंबहुना ते दुःख तपशिलासह नोंदविल्यामुळेच असा आक्षेप घेता येतो. निष्कर्ष आधीच सिद्ध असलेल्या कथनात ही जागाच उरत नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याचे मूल्यमापन आशयाच्या धर्मनिष्ठेवरून करण्याची सवय म्हणूनच तपासून घ्यायला हवी. दार्ष्टांतिक गाळल्याने ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती आशय क्षीण झालेला नाही. तो हंड्यातल्या पाण्यात आणि ताटातल्या अन्नात इतका मुरला आहे की त्यापासून वेगळा काढून दाखविता येत नाही.