भागीदाराचे गद्य

धंद्यात पैसा मिळवलेला माणूस लिहू लागला की मराठी वाचक जरा सावध होतो. अशा लेखनात बहुधा आधी खाल्लेल्या खस्ता येतात आणि मागोमाग उपदेश येतो. पॉल ग्रॅहम याचे निबंध मी तशाच मनाने हाती घेतले. पण थोड्याच पानांत जाणवले, की हा माणूस खरोखरीचा लेखक आहे. म्हणूनच त्याच्याशी थोडे भांडावेसे वाटते.

त्याचे चरित्र सांगणे भाग आहे, कारण तेच त्याच्या लेखनाचे द्रव्य आहे. त्याचा जन्म इंग्लंडातला. अमेरिकेत त्याने आधी तत्त्वज्ञान आणि मग हार्वर्डला संगणकशास्त्र केले, आणि पुढे चित्रकार व्हायचे म्हणून तो फ्लॉरेन्सच्या अकादमीत गेला. १९९५ साली रॉबर्ट मॉरिस या मित्राबरोबर त्याने व्हायवेब ही कंपनी काढली. कोणाही दुकानदाराला इंटरनेटवर आपले दुकान मांडता यावे, अशी तिची योजना. १९९८ साली याहूने ती सुमारे ५ कोटी डॉलर किमतीचे शेअर देऊन विकत घेतली. २००५ साली जेसिका लिव्हिंग्स्टन, मॉरिस व ट्रेव्हर ब्लॅकवेल यांच्यासह त्याने वाय कॉम्बिनेटर ही संस्था सुरू केली. नवख्या तरुणांना थोडे भांडवल व पुष्कळ सल्ला द्यायचा आणि त्यांच्या कंपनीत लहानसा हिस्सा घ्यायचा, हा तिचा व्यवहार. २०१४ साली कारभार सॅम ऑल्टमनकडे सोपवून तो बाजूला झाला.

हे सारे त्याने स्वतः २०२१ सालच्या ‘व्हॉट आय वर्क्ड ऑन’ या दीर्घ निबंधात सांगितले आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वोत्तम निबंध. फ्लॉरेन्समधल्या शिक्षकांनी शिकवायचे नाही आणि विद्यार्थ्यांनी शिकायचे नाही असा उभयपक्षी करार होता, हे तो इतक्या शांतपणे सांगतो की हसू आवरत नाही. व्हायवेबच्या आधी त्याने चित्रदालने इंटरनेटवर आणण्याचा उद्योग केला. दालनांना ते नकोच होते. चित्रकार इडेल वेबर यांच्या पतीने त्याला १० हजार डॉलर आणि कायद्याची मदत दिली, १० टक्के हिश्शाच्या मोबदल्यात. पुढे वाय कॉम्बिनेटरने तरुणांशी जो व्यवहार केला, तो याच उपकाराच्या नमुन्यावर बेतलेला: दोघे संस्थापक असले तर १२ हजार डॉलर आणि ६ टक्के हिस्सा. वाक्ये छोटी, अलंकार नाही, आपल्या फजितीवर पांघरूण नाही. फडक्यांनी ज्याला गुजगोष्ट म्हटले, तिची चव इथे आहे.

परंतु गुजगोष्टीत सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये काही देणेघेणे नसते. इथे ते ६ टक्के आहेत. ग्रॅहमच्या निबंधांत ‘मी’ जाऊन ‘तुम्ही’ आला, की हे विसरून चालत नाही. ‘डू थिंग्ज दॅट डोन्ट स्केल’ (२०१३) हा निबंध घ्या. प्रारंभी हातानेच राबावे, हे त्याचे सूत्र. स्ट्राइपचे संस्थापक नव्या गिऱ्हाइकाला दुवा पाठवीत बसत नसत; त्याचाच संगणक मागून घेऊन तिथल्या तिथे सारे जोडून देत. एअरबीएनबीचे संस्थापक न्यू यॉर्कमध्ये दारोदार हिंडले. उदाहरणे खरी आहेत आणि सजीव आहेत. पण जे असेच दारोदार हिंडले आणि तरीही बुडाले, त्यांचे काय?

याचे उत्तर त्यानेच एके ठिकाणी देऊन ठेवले आहे. ‘ब्लॅक स्वान फार्मिंग’ (२०१२) या निबंधात तो सांगतो, की संस्थेने भांडवल दिलेल्या सर्व कंपन्यांचे मूल्य सुमारे १० अब्ज डॉलर, आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश ड्रॉपबॉक्स व एअरबीएनबी या दोघींचेच. इतकी उघड कबुली कोणता भांडवलदार देतो? त्याच्या सचोटीविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप दृष्टिकोनाचा, म्हणजे वाङ्मयीन आहे. शेकडो बिया पेरणाऱ्याला एक उगवली तरी पुरे. बीला मात्र आयुष्य एकच. पेरणाऱ्याचे गणित सांगणारा आणि बीला धीर देणारा आवाज ग्रॅहमपाशी एकच आहे, आणि आपण कोणत्या बाजूने बोलतो आहोत हे तो वाक्यागणिक स्पष्ट करीत नाही. २०२१ साली मुंबईच्या झेप्टोलाही याच संस्थेने भांडवल दिले. तेव्हा हे निबंध आपल्याकडचे तरुणही निव्वळ शैलीसाठी वाचत नसणार. तिसऱ्या वर्षी कंपनी बंद करून घरी परतलेल्या मुलाचा, त्याच्याच बाजूने लिहिलेला एक निबंध ग्रॅहमकडून मला हवा होता. त्याच्याइतकी जवळून ती माणसे कोणी पाहिली आहेत?

तसे लिहिण्याची ताकद त्याच्यात आहे. कारभार सोडल्यावर २०१४ सालचे उरलेले बहुतेक महिने त्याने चित्रे रंगविण्यात घालवले, आणि नोव्हेंबरात एक चित्र अर्ध्यावर असतानाच त्याचे मन उडाले. हे तो दोन-चार ओळींत सांगतो. तिथे कारणमीमांसा नाही, ‘तुम्ही’ नाही. मग तो एका संगणकभाषेच्या कामाकडे वळतो, आणि ते चित्र निबंधात तसेच अर्धे राहते.