माकडतापाच्या आकृतीतला चुकीचा बाण

मागच्या महिन्यात पेणच्या एका महाविद्यालयात बीएस्सीच्या मुलांशी बोलायला गेले होते. विषय होता, गोचीड मेंदूज्वराच्या गटातले विषाणू कसे पसरवते. फळ्यावर मी सगळीकडे असते तीच आकृती काढली. मधोमध माकड, आजूबाजूला गोचीड, उंदीर, गाय, उजव्या टोकाला माणूस, आणि माकडाकडून माणसाकडे जाणारा एक ठसठशीत बाण. रोह्याहून ट्रेनने येणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "ताई, आमच्याकडं माकडं रोज कौलांवर नाचतात. ती चावली की हा ताप येतो का?"

मी "नाही" म्हणाले. पण माझी आकृती तर "हो" म्हणत होती! तिचं काहीच चुकलं नव्हतं, तिने फळ्यावर होतं ते वाचलं. म्हणून आज या आकृतीचीच समीक्षा करू. तुम्ही पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची किंवा सिनोप्सिसची तयारी करत असाल, तर पेपरमधला मजकूर आपण तपासतो आणि आकृती मात्र तशीच उचलतो, ही सवय आत्ताच मोडा.

आधी आजार थोडक्यात. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. विषाणूला जंगलाचंच नाव मिळालं. आपल्याकडे २०१५ पासून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात रुग्ण सापडले. हा विषाणू युरोप-रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंचा भाऊबंद. मात्र याच्यात तीव्र ताप, अंगदुखी आणि रक्तस्राव जास्त दिसतो. काही रुग्णांना ताप उतरल्यावर पुन्हा चढतो, आणि मेंदूची लक्षणं दिसतात ती सहसा या दुसऱ्या फेरीत.

आता बाण बघू.

या आजाराच्या इतिहासात बाण आधीही चुकलेत. माकडं मरताहेत म्हटल्यावर पहिली शंका आली पीतज्वराची, म्हणजे डासांची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची एनआयव्ही) विषाणू वेगळा केला, तेव्हा तो रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग दुसरी शंका, सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी तर तो आणला नसेल? त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, सालिम अलींच्या पुढाकाराने, पक्ष्यांच्या पायांत कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं. पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल त्यातून खूप कळलं, पण सायबेरिया ते शिमोगा हा बाण काही सिद्ध झाला नाही. शंका घेण्यात चूक नव्हती. त्यांनी बाण तुटक रेषेने काढला आणि तपासायला घेतला. आपण मात्र तुटक रेषा ठळक करून टाकतो.

माकडाकडून माणसाकडे जाणारा बाण तर तुटकही असायला नको. माकडाचा सहभाग नाही असं नाही. वानर आणि लाल तोंडाची माकडं या विषाणूने आजारी पडतात, मरतात. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो आणि त्यांना चिकटलेल्या गोचिड्या तो घेऊन खाली पडतात. मेलेल्या माकडाच्या आसपासची जमीन धोक्याची ठरते ती यामुळे. पण तिथून माणसापर्यंत विषाणू नेते ती गोचीड, मुख्यतः हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. माणसाकडून तो पुढे कुणाला जात नाही.

आकृतीत गोचिडीखाली लिहिलेलं असतं 'वाहक'. मराठीत वाहक म्हटलं की मला रोहा-पेण एसटीचा कंडक्टर आठवतो. प्रवासी चढला, तिकीट घेतलं, उतरला, वाहकाला त्याचं काय! गोचिडीचं तसं नाही. रक्ताबरोबर विषाणू तिच्या आतड्यात जातो. डासाच्या आतड्यात रक्त पोकळीतच पचतं. गोचिडीत ते मुख्यतः पेशींच्या आत पचतं, त्यामुळे विषाणूला पेशीत शिरायला सवड मिळते. तिथे तो वाढतो, शरीरभर पसरतो आणि लाळग्रंथींत पोचतो. गोचीड कात टाकून पुढच्या अवस्थेत गेली तरी तो टिकतो. म्हणजे एका हंगामात घेतलेला विषाणू ती पुढच्या अवस्थेत, दुसऱ्याच प्राण्याला देते. लाळही साधी नाही. ती चावलेली जागा बधिर करते, रक्त गोठू देत नाही आणि त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबते.

आकृतीतली दुसरी मोठी गडबड म्हणजे गोचिडीचं एकच चित्र. अळीला सहा पाय असतात. मधल्या अवस्थेला म्हणजे निम्फला आणि प्रौढ गोचिडीला आठ. स्पिनिजेराच्या अळ्या आणि निम्फ उंदीर, जमिनीवरचे पक्षी, माकडं यांच्यावर जगतात. प्रौढ गोचिड्या गुरांवर. माणसाला चावते ती बहुतेक वेळा निम्फ, तिळापेक्षाही लहान. तिचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काजूचा आणि पातेरा गोळा करायचा मोसमही हाच. आकृतीत अवस्था आणि महिना नसेल, तर कोण कधी धोक्यात आहे हे तिच्यातून कळतच नाही.

आणि गाय? गायीकडून विषाणूचा बाण काढणं बरोबर नाही, गायीमुळे वाढते ती गोचिड्यांची संख्या. जॉर्ज बोशेल यांनी १९६९ मध्ये मांडलं होतं की जंगल तोडून वस्ती झाली, गुरं रानात चरू लागली, तशा गोचिड्या वाढल्या आणि साथीला वाट मिळाली. म्हणून माझी सूचना अशी की बाण दोन रंगांत काढा. लाल विषाणूचा, निळा गोचिड्यांच्या संख्येचा. एकाच रंगात काढले की गाय उगाच आरोपी होते.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय, पण पहिल्या वर्षी मीही तेच केलं. रोह्याजवळच्या वाड्यांमधल्या गोठ्यांतून गुरांवरच्या टम्म फुगलेल्या गोचिड्या काढल्या, एका बरणीत भरल्या आणि गाईडसमोर ठेवल्या. त्यांनी बरणी हलवून एवढंच विचारलं, "यांच्या पोटातलं रक्त कुणाचं?" रक्त प्यायलेल्या गोचिडीत आरटी-पीसीआरने विषाणू सापडला, तर तो गोचिडीचा की तिच्या जेवणाचा, हे सांगता येत नाही. शिवाय बरणीत बहुतेक रिपिसेफॅलस मायक्रोप्लस होत्या. ही गोचीड अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. जी जनावर बदलतच नाही, ती रानातला विषाणू माणसापर्यंत आणणार कशी? तीन महिन्यांचं काम वाया गेलं. मग पांढरं कापड जमिनीवरून फिरवून उपाशी निम्फ गोळा करायला शिकले.

तर कुठलाही बाण काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. विषाणू रक्त न प्यायलेल्या गोचिडीत सापडला का? प्रयोगशाळेत त्या गोचिडीने तो निरोगी प्राण्याला दिला का? आणि रानात ती गोचीड, तो प्राणी, तो हंगाम खरंच एकत्र येतात का? पहिल्याचं "हो" म्हणजे तिसऱ्याचं "हो" नव्हे.

उसने बाणही तपासा. १९९३ मध्ये लाबुडा, नटॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की युरोपातल्या मेंदूज्वराचा विषाणू, यजमान प्राण्याच्या रक्तात सापडतही नसताना, त्याच्यावर एकत्र चरणाऱ्या एका गोचिडीतून दुसरीत जातो. भन्नाट शोध आहे. पण तो बाण सिंधुदुर्गाच्या आकृतीत टाकायचा, तर प्रयोग इथल्या विषाणूवर, इथल्या गोचिडीवर आणि इथल्या उंदरावर करावा लागेल. सिनोप्सिससाठी विषय शोधत असाल, तर हा घ्या.

हे सगळं कागदावरचं भांडण वाटत असेल तर 'माकडताप' हे नावच बघा. तेही त्याच चुकीच्या बाणातून बोलतं. माणसं झाडांकडे बघत राहतात आणि धोका पायाखालच्या पातेऱ्यात असतो. दाट रानात मेलेलं माकड दरवेळी सापडतंच असं नाही. माकड मेलं नाही म्हणून बिनधास्त अनवाणी काजू वेचायला जाणं महागात पडू शकतं. चिडून माकडांना मारण्याने तर काहीच साधत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पेणला जाणार आहे. नवी आकृती कोऱ्या कागदावर काढून ठेवलीय, माकड एका कोपऱ्यात, निम्फ मधोमध, खाली महिने. त्या मुलीलाच फळ्यापाशी बोलावणार आहे. बाण तिने काढायचे, आणि प्रत्येकाचा पुरावा मी द्यायचा. जिथे मला देता येणार नाही, तिथे तिने डस्टर फिरवायचं.