लेकरे की आश्रित? ‘क्रिस्तपुराण’ पुन्हा वाचताना

आजचा विषय ऐकायला सोपा वाटतो. कॅथलिक श्रद्धेत ख्रिस्तसभेचा घटक होणे म्हणजे देवाचे लेकरू होणे. स्नानसंस्कार झाला, माणूस त्या घरातला झाला. पण घरातला म्हणजे नेमका कोण? पाहुणा, आश्रित की वारस? हा प्रश्न मनात ठेवून आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ पुन्हा वाचले.

आपण मराठी माणसं या ग्रंथाची आठवण काढतो ती बहुधा मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांसाठी. एक इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात येतो, आपली भाषा शिकतो आणि १६१६ साली राशोल इथे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण छापतो. कौतुक वाटणारच. पण टाळ्या पडतात आणि वाचन तिथेच थांबतं. ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांच्याकडे आपण बघतच नाही.

आधी मूळ कल्पना बघू. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देवाचे पुत्र होण्याबद्दल बोलतो, तेव्हा तो दत्तक घेण्याचा शब्द वापरतो. रोमन कायद्यात दत्तक मुलगा दुय्यम नव्हता, तो पूर्ण वारस होता. म्हणून पौल लगेच पुढे वारशावर येतो : लेकरे आहात, तर वारसही आहात. श्रद्धेचा हा कणा आहे. मुलाने ‘अब्बा’ म्हणून हाक मारायची, आणि तीही न भीता.

आता सोळाव्या शतकातला गोवा बघा. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने फर्मान काढले, की अनाथ हिंदू मुले ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. नवख्रिस्ती लोकांची देखभाल करणारा एक अधिकारी होता, त्याच्या हुद्द्याचे नावच ‘ख्रिस्ती लोकांचा बाप’. १५६० पासून इन्क्विझिशन होते. म्हणजे ‘बाप’ आणि ‘लेकरू’ हे शब्द इथे प्रार्थनेतून आले तसेच सरकारी दफ्तरातूनही आले. ज्याला धरून आणले, त्याने कोणत्या आवाजात ‘बापा’ म्हणायचे?

‘क्रिस्तपुराण’ या पेचातून जन्मलेले आहे. ग्रंथाच्या चौकटीतच नवख्रिस्ती मागणी करतात, की आमची जुनी पुराणे गेली, आता आमच्या भाषेत दुसरे पुराण द्या. या मागणीत एक पोकळी बोलते आहे. धर्म बदलला, पण कान ओवीलाच सरावलेले. स्टीफन्स यांनी ते ओळखले. त्यांनी बायबलची कथा ओवीत बांधली आणि स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटले. परक्या घरात आलेल्या मुलाला त्याच्या जुन्या घरातला शब्द परत दिला. आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोठेपण इथे आहे, भाषेच्या स्तुतीत नाही.

पण उणीवही इथेच दिसते. प्रश्न नवख्रिस्ती विचारतात, उत्तर पाद्री देतात, आणि हे शेवटपर्यंत उलट होत नाही. पुराणाची रीतच तशी, असं कोणी म्हणेल. कबूल. तरी आमची तक्रार उरते. भाषा लेकरांची, अधिकार मात्र बापाचा. ग्रंथ लेकरांना मायेने समजावतो, पण घराच्या कारभारात त्यांचा वाटा किती, यावर गप्प राहतो.

तो वाटा मागायला माणसे उभी राहिलीच. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रोंना गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेली. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप. तरीही गोव्यातल्या धर्मसत्तेने त्यांना सुखाने मानले नाही. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. म्हणजे स्टीफन्स यांनी दिलेला शब्दही काढून घ्यायचा! गोव्याला गोमंतकीय आर्चबिशप मिळायला तर १९७८ साल उजाडावे लागले.

ख्रिस्तसभेने स्वतः या प्रश्नाचे उत्तर दिले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण दुसरे आहे आणि अधिकारश्रेणीचे तिसरे. आधी सगळी लेकरे, मग कारभारी. क्रम साधा दिसतो, पण त्यात चार शतकांच्या वागणुकीवर टीका आहे. त्याच परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. आज वसईत मराठीतून मिस्सा होते, ती या बदलामुळे.

तरी मंडळी, भाषा मिळाली म्हणजे वारसा पोचला असं नाही. त्याच देवळात बसणाऱ्या दलित ख्रिस्ती माणसाला विचारा, की सोयरीक जुळवताना आपण कुणाची लेकरे असतो. स्नानसंस्काराच्या पाण्याने जात धुतली जाते, असं आपण म्हणतो. मग लग्नाच्या बोलणीत ती कुठून येते?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. ‘क्रिस्तपुराण’ अभिमानाने वाचा, पण ते मागणाऱ्या नवख्रिस्तीच्या बाजूने वाचा. त्याने पुराण मागितले, त्याला ते मिळाले. घरातला वाटा त्याने अजून मागितलेला आहे.