स्कूटर नसती तर कसे गेला असता?

विजेवर चालते म्हणजे प्रदूषण शून्य, असं वाटत असेल तर २०१९चा एक पेपर जरूर वाचा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या हॉलिंग्सवर्थ, कोपलँड आणि जॉन्सन यांचा, ‘एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स’मध्ये आलेला. विषय : अमेरिकेत रस्त्यावर भाड्याने मिळणाऱ्या, उभं राहून चालवायच्या ई-स्कूटर.

त्यांचं उत्तर : एका प्रवाशामागे दर मैलाला सुमारे २०२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड (बाकीचे हरितगृह वायूही हिशेबात धरून). यातला निम्मा वाटा स्कूटर बनवण्याचा. सुमारे ४३ टक्के, पसरलेल्या स्कूटर गाडीने गोळा करून चार्जिंगला नेण्याचा. आणि वीज? जेमतेम ५ टक्के!

इथपर्यंत काम चोख आहे. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. स्कूटर चांगली की वाईट, हे ती कशाच्या जागी आली यावर ठरतं. म्हणून रॉली शहरातल्या स्वारांना विचारलं, स्कूटर नसती तर कसे गेला असता? ३४ टक्के म्हणाले मोटारीने, ११ टक्के बसने, ४९ टक्के चालत किंवा सायकलने. उरलेले गेलेच नसते. मोटारीचे दर मैलाला ४१४ ग्रॅम धरलेत, भरलेल्या बसचे ८२, सायकलचे ८. गुणाकार करून बघा, बेरीज दीडशेच्या आसपास येते, म्हणजे २०२ पेक्षा कमी. स्कूटर नापास. पण मोटारवाले ३४ऐवजी ५० टक्के धरा, निकाल उलटतो. एका शहरातल्या जर-तरच्या प्रश्नाला लोकांनी काय उत्तर दिलं, त्यावर सगळं उभं आहे. लेखकांनी स्वतःच आकडे बदलून पुन्हा पुन्हा गणित केलं, तेव्हा ६५ टक्के वेळाच स्कूटर वाईट ठरली. हा ‘च’ ‘स्कूटर प्रदूषण करते’ अशा मथळ्यात मावत नाही.

आणि हे आकडे जसेच्या तसे पुण्यात आणू नका. आपली ई-स्कूटर म्हणजे बसून चालवायची, घरच्या पार्किंगमध्ये चार्ज होणारी, काही वर्षं टिकणारी गाडी. गोळा करण्याचा तो ४३ टक्क्यांचा भाग इथे गायब. वीज मात्र बहुतेक कोळशाची, त्यामुळे तिचा वाटा वाढणार. रॉलीतला प्रश्न इथे वेगळा विचारावा लागेल : आधीची पेट्रोलची गाडी विकली, की पीएमपीएमएलचा पास बंद केला? आणि विकली असेल, तर ती आता कोण चालवतंय?