पडदा पडल्यानंतरचा रोगी

कर्करोगाने आपल्या कथाकार-नाटककारांची फार सोय केली आहे. नायक सद्गुणी आहे, त्याला मारायचे तर आहे, पण खलपुरुषाच्या हातून नव्हे. अशा वेळी हा रोग हाताशी असतो. १९७१ च्या ‘आनंद’ या हिंदी चित्रपटाने हसत हसत मरणारा रोगी इतका लोकप्रिय करून ठेवला की, शेवटच्या प्रवेशात रुमाल काढायचा हे प्रेक्षकाला जणू पाठच झाले. रोगी मरतो, नाही तर बरा होतो. दोन्हीकडे गोष्ट संपते. माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या संपण्याविषयी.

आमच्या वरणगाव-भुसावळकडे ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले की पुढचे कोणी विचारीत नाही. परळचे हे रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथून औषधोपचार संपवून परतलेली आणि पुढे वर्षानुवर्षे तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन गाडीत बसणारी माणसे आता खेडोपाडी आहेत. त्यांना आपण ‘बरे झाले’ म्हणतो. तंबाखूने ज्याच्या गालात रोग धरला आणि शस्त्रक्रियेने व किरणोपचाराने जो वाचला, त्याच्यापुढे कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचे भरीत ठेवून पाहावे. एरवी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात; याच्या आखडलेल्या जबड्यात एकही शिरत नाही. किरणांनी लाळेच्या ग्रंथी सुकवलेल्या, त्यामुळे कोरडा घास घशाखाली उतरत नाही. खानदेशी माणसाने उरलेले आयुष्य पातळ वरणात कालवलेल्या मऊ भातावर काढायचे, ही एका कादंबरीची सामग्री आहे. ती कादंबरी मी अजून वाचलेली नाही.

या बाबतीत मराठीत जे सर्वांत पुढे गेले, ते पुस्तक नसून चित्रपट आहे. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली आला आणि ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. कोकणातल्या परशुरामाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी द्यावी लागेल, हे आजोबांना कळते आणि शस्त्रक्रियेआधी ते नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवतात. उपचाराची किंमत उपचाराआधीच समोर मांडणारी कलाकृती म्हणून मी तिला फार मानतो. अरुण नलावडे यांचे आजोबा रडके नाहीत, आणि डॉक्टरही उगाच देवमाणूस झालेला नाही. शेवटी काळा चष्मा लावलेला परशुराम आपल्या गावी परततो आणि चित्र थांबते.

माझी थोरली बहीण, आक्का, हा चित्रपट माझ्याबरोबर पाहत होती. दिवे लागल्यावर सारे डोळे पुशीत होते, हिने विचारले, “पुढे त्या पोराचं काय झालं रे?”

प्रश्न अडाणी नव्हे. रसिक म्हणतील, कलाकृती जिथे संपते तिथेच तिचे औचित्य. मला ते मान्य आहे. तथापि मी शिक्षक आहे. माझ्या मनात परशुराम वर्गाच्या दारात उभा राहतो. त्याला कोणत्या बाकावर बसवायचे? ब्रेल कोण शिकवणार? बसवलेले कृत्रिम डोळे मूल वाढेल तसे बदलावे लागतात. आणि दोन्ही डोळ्यांना होणाऱ्या या रोगाचे मूळ आनुवंशिक असल्याने पुढील वयातही दुसऱ्या कर्करोगाची धास्ती राहते, तपासण्या सुटत नाहीत. जिथे अश्रू आटतात, तिथून परशुरामाचा खरा दिनक्रम सुरू होतो. एका चित्रपटाने सारे सांगावे असे नव्हे. पण वीस वर्षे उलटून गेली तरी तो धागा उचलणारा लेखक माझ्या वाचनात नाही.

आत्मकथनांची तऱ्हा वेगळी. तेथे ‘मी रोगाला हरवले’ हा सूर असतो. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला. ३६ वेळा किरणोपचार घेतले आणि दुपारपर्यंत मंत्रालयाचे काम करून उपचारांना गेलो, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. ही जिद्द खोटी कोण म्हणेल? पण त्यांच्या बदललेल्या उच्चारांत जे ऐकू येते, ते जिद्दीच्या कथेत बसत नाही. आणि माझ्या कानाला तेच अधिक बोलके वाटते. शिवाय ज्याच्या मागे सचिव आहे त्याची जिद्द, आणि ज्याला रजा संपली म्हणून पाळीवर हजर व्हायचे आहे त्याची जिद्द, यांना एकच शब्द लावणे समीक्षेला शोभत नाही.

आक्काच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या. सारे आटोपले, पेढे वाटले. आणि वर्ष-दीड वर्षाने हात सुजू लागला. काखेतली वाट गेल्याने शरीरातले पाणी हातात साठते. त्याला औषधाची गोळी नाही. घट्ट बाही घालायची, पट्ट्या बांधायच्या, व्यायाम करायचा, त्वचा जपायची, त्या हाताला जखम होऊ द्यायची नाही. कासारणीने तिचा हात धरला आणि बांगड्यांची पेटी मिटली. लोकांनी मात्र ‘आता तब्येत सुधारली’ असे म्हणायला सुरुवात केली.

तिच्याजवळ एक चाळीसपानी वही आहे. दर पौर्णिमेला शिंप्याच्या फितीने मनगट, कोपराखालचा भाग आणि दंड मोजून ती आकडे मांडते. डावा हात एका रकान्यात, उजवा दुसऱ्यात. मध्येच कुठे ‘लग्नघर, पोळ्या लाटल्या’ अशी नोंद आणि पुढचा आकडा वाढलेला. कुठे ‘बाही धुतली, वाळली नाही’. विशेषण एकही नाही. एका पानावर तर आकडाही नाही, नुसतीच पौर्णिमेची तारीख आहे. त्या दिवशी काय झाले, ते मी अजून विचारलेले नाही.