उन्हाळ्यातले सहा आठवडे आणि पुढची चार वर्षे

अमेरिकेतल्या शाळा मे-जूनमध्ये संपतात आणि विद्यापीठांचे पहिले सत्र ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होते. मधले दोन-अडीच महिने शाळेचेही नसतात आणि विद्यापीठाचेही नसतात. बऱ्याच विद्यापीठांनी या रिकाम्या जागेत एक उन्हाळी सत्र बसवले आहे. प्रवेश मिळालेल्या काही मुलामुलींना ती सांगतात, सगळ्यांबरोबर येण्याची वाट पाहू नका, जूनमध्येच या. पाच-सहा आठवडे इथे राहा, एक-दोन विषय शिका, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहून घ्या, चार शिक्षकांची ओळख करून घ्या. म्हणजे बाकीचे आले की तुम्ही बुजणार नाही. अशा कार्यक्रमांना तिकडे ‘उन्हाळी पूल’ असे नाव आहे. कल्पना इतकी सरळ आणि भली आहे की तिच्यावर टीका कशाला करायची, असे कोणालाही वाटेल. आम्हांला ती करावीशी वाटते याचे कारण असे, की आपल्याकडेही आता पूल, सेतू, दीक्षारंभ अशा नावांनी हीच कल्पना आली आहे, आणि तिच्याबद्दल तिकडे जे तपासले गेले ते मात्र तिच्याबरोबर आलेले दिसत नाही.

आधी हे लक्षात घ्यावे की उन्हाळ्यात बोलावण्यामागे हेतू एकच नसतो. फ्लॉरिडातल्या राज्य विद्यापीठांत शाळेतून थेट येणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीपर्यंत निदान ९ श्रेयांक उन्हाळी सत्रांतून मिळवावेत असा नियम आहे. तिथे गोष्ट मुख्यतः जागेची आणि गर्दीची आहे. वर्षातले तीन महिने इमारती ओस पडू नयेत, हा व्यवहार झाला. त्यात वाईट काही नाही. पण तो शिक्षणशास्त्राचा शोधही नव्हे. आमचा विषय आहे तो दुसरा, ‘मुले कच्ची आहेत, त्यांना सत्राआधी पक्की करून घेऊ’ असे म्हणणारा पूल.

या पुलावरून चालून मुले खरोखर पलीकडे पोचतात का? हा प्रश्न टेक्सासमध्ये ज्या पद्धतीने विचारला गेला ती विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल अशी आहे. २००९ च्या उन्हाळ्यात तिथल्या आठ महाविद्यालयांनी, त्यांतली बहुतेक दोन वर्षांची होती, शाळा संपवून येणाऱ्या आणि गणित, वाचन किंवा लेखनात कच्च्या ठरलेल्या मुलांसाठी चार-पाच आठवड्यांचे वर्ग घेतले. पूर्ण करणाऱ्याला चारशे डॉलरपर्यंत विद्यावेतन होते, कारण उन्हाळा हा तिकडच्या गरीब मुलांचा चार पैसे मिळवण्याचा काळ असतो. यायला तयार असलेली मुले तेराशेच्या आसपास होती. त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली: काहींना वर्गात घेतले, उरलेल्यांना घेतले नाही. निकालाचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चिठ्ठ्यांचे महत्त्व आपण नेहमी पुरेसे ओळखत नाही. उन्हाळी वर्गाला आपणहून येणारा मुलगा आणि न येणारा मुलगा यांत वर्गाआधीच फरक असतो. पहिल्याला घरून पाठिंबा असेल, त्याची हौस दांडगी असेल, किंवा त्याला उन्हाळ्यात काम करावे लागत नसेल. मग वर्षअखेरीस तो पुढे दिसला, तर ती करामत वर्गाची की त्याची स्वतःची? वर्गाला गेलेल्यांचे गुण न गेलेल्यांशी ताडून ‘आमचा उपक्रम यशस्वी’ असे छापणारे अहवाल आपणही वाचतो, कधी कधी लिहितोही. टेक्सासमध्ये दोन्ही गटांतली मुले यायला सारखीच उत्सुक होती. खत घातलेला वाफा आणि न घातलेला वाफा एकाच शेतातला होता, असे म्हणा ना.

आणि निष्कर्ष? उन्हाळी वर्गाला गेलेली मुले पहिल्या दीड वर्षात गणित आणि लेखन यांचा महाविद्यालयीन पातळीचा पहिला अभ्यासक्रम अधिक प्रमाणात उत्तीर्ण झाली. दोन वर्षे पूर्ण होईतो मात्र तो फरक राहिला नाही. दुसरा गट मागून येऊन मिळाला. शिक्षण चालू ठेवण्याच्या बाबतीत आणि एकूण मिळवलेल्या श्रेयांकांत दोन गटांत फरक पडलाच नाही. म्हणजे काहींनी आधीची एसटी पकडली खरी, पण दोन्ही गाड्या स्वारगेटला बरोबरच लागल्या.

हा अहवाल आम्हांला प्रामाणिक वाटतो. कार्यक्रम चांगला आहे हे सांगण्यासाठी तो लिहिलेला नाही, तो खरा किती चालतो हे पाहण्यासाठी लिहिलेला आहे. तक्रार एवढीच की आकडे नेमके आहेत, पण फरक का विरला याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो हवा असेल तर आणखी मागे, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला जावे लागते.

युरी ट्राइसमन हे १९७० नंतरच्या त्या दशकात बर्कलीला गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने नापास होत, आणि चिनी वंशाची मुले उत्तम गुण मिळवत. प्राध्यापकांना कारण विचारले तर उत्तरे ठरलेली होती: मुलांना तळमळ नाही, पाया कच्चा आहे, घरी कोणाला शिक्षणाची किंमत नाही, गरिबी आहे. (ही चार उत्तरे आपल्या शिक्षक-खोलीत ऐकली नसतील असा वाचक आम्हांला भेटायचा आहे.) ट्राइसमननी या उत्तरांवर विसंबून न राहता दोन्ही गटांतली २०–२० मुले निवडली आणि ती अभ्यास कसा करतात हे त्यांच्याबरोबर राहून कित्येक महिने पाहिले. चारही उत्तरे टिकली नाहीत. घरच्यांनी मुलांसाठी जिवाचे रान केले होते. नापास होणाऱ्यांत शाळेतून पहिली आलेली मुले होती, प्रवेशपरीक्षेत गणितात उत्तम गुण मिळवलेलीही होती.

फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. प्राध्यापक सांगत, तासाला दोन तास घरी अभ्यास करा. कृष्णवर्णीय मुले ते शब्दशः पाळत, म्हणजे आठवड्याला आठेक तास, खोलीचे दार लावून, एकटी. २० पैकी १८ जण वर्गातल्या कोणाबरोबर कधीच अभ्यासाला बसत नव्हते. शाळेत असे एकटे राहूनच ती हुशार ठरली होती. चिनी मुले चौदाएक तास देत. त्यांतले काही तास ती एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, आणि एखादे गणित कोणालाच सुटले नाही की ते अवघडच आहे हे त्यांना कळे. एकट्या मुलाला ते कळत नाही. त्याला वाटते, आपल्यालाच येत नाही.

उपाय म्हणून ट्राइसमननी दुरुस्तीचे वर्ग काढले नाहीत. तसे वर्ग आधीच होते आणि ज्यांच्यासाठी होते तीच मुले ते टाळत. ‘कच्चा’ हा शिक्का कोणाला हवा असतो? त्यांनी हुशार मुलांसाठी म्हणून कार्यशाळा काढली, नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणिते दिली, आणि ती लहान गटांत बसून सोडवायला लावली. ही कार्यशाळा सत्र चालू असताना, सत्राच्या बरोबरीने चाले. कार्यशाळेतली मुले कलनशास्त्रात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊ लागली. त्यांचा यावरचा लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो मिळवून वाचावा.

अवघड गणित दिले तर पाया कच्चा असलेल्याचे काय, ही शंका रास्त आहे. आमचेच एक साधे उदाहरण पाहू. १२ सेंटिमीटर बाजूच्या चौरस पुठ्ठ्याच्या चार कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा वर दुमडायच्या आणि उघडी पेटी करायची. कापलेल्या चौरसाची बाजू किती घेतली तर पेटीत सर्वांत जास्त मावेल? कलन न शिकलेली मुलेही याला हात घालू शकतात. बाजू १ घेतली तर तळ १० गुणिले १०, घनफळ १००. बाजू २ घेतली तर १२८. ३ घेतली तर १०८. मग २ च्या जवळपास पाहू: १.९ ला साधारण १२७.७६, आणि २.१ लाही साधारण १२७.७६. दोन्ही अंगांना एवढी थोडी घट का? इथे एक मूल आलेख काढते, दुसरे दशांश चुकते, तिसरे ते पकडते. घनफळाचे सूत्र, दशांशाचा गुणाकार, कंस सोडवणे, ही सगळी ‘पायाची’ उजळणी झाली. पण उजळणी म्हणून नाही, गरज पडली म्हणून. शिखराजवळ वक्र सपाट होतो हे मुलांना दिसले की विकलनाच्या उंबरठ्यावर ती आपणच येऊन उभी राहतात. हेच तासभर तीस दशांश गुणाकार देऊनही करता येते. ते करणारा मुलगा उंबरठ्यावर येत नाही, तो गुणाकार संपण्याची वाट पाहतो.

आता ज्या पुलाचे सर्वाधिक नाव झाले त्याच्याकडे वळू. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील संस्थेत १९८८ मध्ये मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून एक शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. तिच्यामागे फ्रीमन ह्राबॉव्स्की हे गणितज्ञ होते. पुढे १९९२ ते २०२२ ते तिथले अध्यक्ष होते. १९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते, १९९० पासून मुली आल्या, १९९६ पासून योजना सर्वांना खुली झाली. सुरुवात सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्राने होते. या योजनेतून विज्ञानात पीएच.डी.कडे वळणाऱ्यांचे प्रमाण, निवड होऊनही दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सुमारे पाचपट आढळले. तुलना चतुर आहे, कारण दोन्ही गट निवडीला उतरलेले होते. पण चिठ्ठ्यांची सर तिला नाही: कोण आले आणि कोण दुसरीकडे गेले हे मुलांनीच ठरवले.

शिवाय या यशाचे श्रेय उन्हाळ्याला देणे म्हणजे लग्नाचे यश साखरपुड्याला देण्यासारखे आहे. सहा आठवड्यांत जो गट जमतो तो पुढे चार वर्षे एकत्र राहतो. एकत्र अभ्यास ही तिथे अपेक्षाच असते. प्रत्येकाकडे लक्ष देणारे मार्गदर्शक असतात, प्रयोगशाळेत खरे संशोधन लवकर हाती येते, पैशाची चिंता कमी असते. पेन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांनी २०१३ पासून ही योजना उचलली तेव्हा त्यांनी ती उन्हाळ्यापुरती न घेता सगळीच घेतली, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले तिथले सुरुवातीचे निकाल मूळ योजनेशी जुळणारे होते. विज्ञानशाखांतल्या अशा ३० कार्यक्रमांचा आढावा घेणारा एक लेख २०१७ मध्ये आला. त्यात कार्यक्रमांची १४ वेगवेगळी उद्दिष्टे मोजली आहेत, गुण वाढवण्यापासून विभागाची विद्यार्थिसंख्या टिकवण्यापर्यंत. पाच आठवड्यांच्या खांद्यावर एवढे ओझे!

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर कार्यक्रम २०१७ मध्ये आला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ची मार्गदर्शिका २०१९ मध्ये काढली. कला, खेळ, व्याख्याने, परिसरभेट, ज्यांना गरज त्यांना भाषेची वा विषयाची तयारी, असा बेत चांगला आहे. महाराष्ट्रातल्या शाळांनी २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास पार पाडला, तो तर वाचकांपैकी अनेकांनी स्वतः घेतलेला आहे. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलाचा खरा उंबरठा मात्र बहुधा अकरावीला असतो. संवेगाचे मोमेंटम होते, त्वरणाचे ॲक्सिलरेशन होते, आणि दहावीपर्यंत वर्गात हात वर करणारा मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन गप्प होतो. त्याच्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयात सुरुवातीला पंधरा दिवसांचा शब्दसंग्रहाचा वर्ग घेतला तर तो बिघडवणार नाही काही. पण मोमेंटमचे पहिले न सुटणारे गणित ऑक्टोबरात येते. त्या दिवशी तो कोणाच्या शेजारी बसलेला असेल, याची व्यवस्था जूनच्या वर्गात झाली होती का, हे विचारायला हवे. अकरावीचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना ते करून पाहण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. चार-पाच मुलांचा एक गट, आठवड्यातला एक तास आणि पुठ्ठ्याच्या पेटीसारखी थोडी गणिते पुरतात. शक्य असेल तर एका तुकडीत ते करावे, दुसरीत करू नये, आणि कोणती तुकडी निवडायची ते नाणे उडवून ठरवावे.